कुणाचा सुरेश?

एका वर्षी माझ्या वर्गात तीन सुरेश होते. सहामाहीच्या गुणपत्रकांवर घाईघाईत मी नुसते ‘सुरेश’ लिहिले आणि एकाचे गणितातले ६२ गुण दुसऱ्याच्या घरी गेले. ज्याचे ते गुण होते, त्या पोराने बापाचा मार खाल्ला. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन मी चूक कबूल केली. पण खाल्लेला मार काही परत घेता येत नाही!

हे आठवायचे कारण मोठे गमतीचे आहे. माझा भाचा संगणकाच्या भाषांत काम करतो. ही हकिकत ऐकून तो म्हणाला, “मामा, तुमचे सुरेश आमच्याकडेही आहेत!” माझे गणित मॅट्रिकपुरतेच, तरी त्याने सांगितलेली कथा मला एखाद्या घराण्याच्या इतिहासासारखी रंगतदार वाटली.

१९५८ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, जॉन मॅकार्थी यांनी लिस्प या भाषेला आरंभ केला. १९६० साली तिच्यावरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. ही भाषा गणितातल्या फलनांवर उभी होती. म्हणजे एक वस्तू द्यावी आणि तिच्यावरून दुसरी मिळावी, अशा क्रियांवर. प्रत्येक क्रियेला नाव हवेच. सुरुवातीच्या लिस्पमध्ये ही सारी नावे एकाच यादीत असत. गाव लहान होते तोवर भागले. पुढे अनेकांचे लिखाण एकत्र जोडायची वेळ आली. दोघांनी वेगळ्या क्रियांना एकच नाव दिलेले असले, की मागून आलेला पहिल्याला पुसून टाकी. हाक एकाला, उत्तर दुसऱ्याचे!

उपाय आपल्या शाळेतलाच निघाला: नावाबरोबर घर लिहायचे. १९८४ साली गाय स्टील यांच्या ग्रंथातून कॉमन लिस्प लोकांपुढे आली. तिच्यात नावांच्या घराला ‘पॅकेज’ म्हणतात. आधी घर, मग विसर्गासारखी दोन टिंबे असलेला अपूर्णविराम, मग नाव. पण खरी मौज पुढेच आहे. घरधन्याने जे नाव चारचौघांसाठी बाहेर मांडले, त्याला एक अपूर्णविराम (:) पुरतो. जे त्याने आतच ठेवले, ते हवे असेल तर दोन (::) द्यावे लागतात. एक ओसरीचा, दोन माजघराचे! माजघरात जायला बंदी नाही. मात्र न विचारता आत शिरलात, हे कागदावर उमटून राहते.

२००७ साली रिच हिकी यांनी लिस्पच्याच कुळातली क्लोजर ही भाषा आणली. तिने या कामासाठी तिरकी रेघ (/) घेतली. घराच्या नावात टिंबे चालतात. पण घर आणि नाव यांच्यामध्ये रेघ एकच. वाचक म्हणतील, ही तर भागाकाराची खूण! खरे आहे. म्हणून नियम असा, की रेघ एकटी उभी असली तर भागाकार; दोन नावांच्या मध्ये असली तर घर आणि माणूस.

‘रिव्हर्स’ हे नाव घ्या. ‘क्लोजर.कोअर’ या घरचा रिव्हर्स दिलेल्या रांगेतल्या वस्तू उलट्या क्रमाने मांडतो. त्याला ‘कमल’ दिलात, तर ल, म, क अशी सुटी अक्षरे परत येतात. ‘क्लोजर.स्ट्रिंग/रिव्हर्स’ मात्र शब्दाचा शब्दच परत देतो: ‘लमक’. पहिला रोजचा घरोब्याचा, म्हणून नुसत्या नावाने हाक मारली तर सहसा तोच येतो. दुसरा हवा असताना घर सांगायला विसरलात, तर भलताच सुरेश दारात उभा! लांब नावाचा कंटाळा आला, तर त्या लिखाणापुरते घराला टोपणनावही ठेवता येते. घर गाळायचे मात्र नाही.

भाच्याचे बोलणे ऐकताना मला एकच वाटत होते: ही एवढीशी रेघ मला त्या वर्षी सुचली असती तर!

गेल्या दिवाळीत तो मार खाल्लेला सुरेश फराळाला आला होता. आता चांगला बाप्या झाला आहे. मी दार उघडायच्या आधीच बाहेरून त्याने आपले नाव सांगितले, वडिलांच्या नावासकट. आणि मग मोठ्याने हसला.