आपल्याकडचं जंगलही उष्णकटिबंधीयच! ते कमी का होतंय? जाणून घ्या

लोहारा : उष्णकटिबंधीय जंगल म्हटलं की ब्राझीलचं ॲमेझॉन डोळ्यांसमोर येतं. पण लोहारा तालुकाही उष्ण कटिबंधातच आहे. फरक एवढाच, की तिकडे बारमाही हिरवाई आणि इकडे उन्हाळ्यात पानगळ. म्हणून आपल्या जंगलाला शुष्क पानझडी जंगल म्हणतात. पळस, बोर, बाभूळ ही त्यातलीच झाडं.

किती उरलंय?
1988 च्या राष्ट्रीय वननीतीनुसार देशाची एक तृतीयांश जमीन झाडाखाली हवी. धाराशिव जिल्ह्यात वनाच्छादन एक टक्काही नाही. 1997 मध्ये जाहीर झालेलं येडशी-रामलिंग घाट अभयारण्य जेमतेम 22 चौरस किलोमीटरचं आहे.

पहिला धोका : जमिनीचा वापर
माळ नांगरले गेले, गायरानावर अतिक्रमणं झाली, मुरमासाठी टेकड्या पोखरल्या, रस्ते रुंद झाले. जंगलाचे तुकडे पडले. डिसेंबर 2024 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला वाघ येडशीत कॅमेऱ्यात दिसला. शेकडो किलोमीटरच्या या वाटेत त्याला बहुतेक शेतं आणि रस्तेच लागले. रानडुक्कर, हरणं पिकात घुसतात, त्यामागेही हे एक कारण आहे.

दुसरा धोका : बदलतं हवामान
ऊन वाढलं की पाला लवकर वाळतो आणि ठिणगी पुरते. 2024 मध्ये जगभरातलं सुमारे 67 लाख हेक्टर मूळ उष्णकटिबंधीय जंगल नष्ट झालं. त्यातलं जवळपास निम्मं आगीमुळे गेलं. जळालेल्या झाडांतला कार्बन हवेत जातो, तापमान आणखी वाढतं.

बांध पेटवताना विचार करा
मार्च-एप्रिलमध्ये पेटवलेला बांध वाऱ्याने माळावर जातो. मोठं झाड कसंबसं वाचतं, पण रोपं आणि गवत मरतं. जमीन उघडी पडते. मग थोड्या वेळात धो-धो पडणारा पाऊस मुरत नाही, माती घेऊन ओढ्याला जातो. तोटा शेवटी आपल्याच विहिरीचा आणि रानाचा.

काय करता येईल?
• बांधावरचं गवत कापा, जाळू नका.
• बांधावर आपोआप उगवलेली लिंब, बाभळीची रोपं राखा.
• वणवा किंवा झाडतोड दिसली तर वन विभागाच्या 1926 या टोल फ्री नंबरवर कळवा.