डोळ्यात उतरलेलं पाणी

आमच्या घरात जुनी माणसं मोतीबिंदूला ‘आंख में पानी उतरा’ म्हणत. हकिमांच्या भाषेत याच आजाराचं नाव आहे ‘नुजूलुल-मा’, म्हणजे पाण्याचं उतरणं. डोक्यातून एक द्रव खाली येतो, बाहुलीमागे साचून घट्ट होतो आणि नजर अडवतो, अशी ग्रीक आणि अरब वैद्यांची समजूत होती. युरोपनेही तीच उचलली. ‘कॅटरॅक्ट’ या शब्दाचा मूळ अर्थ धबधबा.

समजूत चुकीची होती. उतरत काहीच नाही, डोळ्यातलं भिंगच गढूळ होतं. १७०५ मध्ये फ्रेंच वैद्य ब्रिसो यांनी मृताचा डोळा उघडून हे दाखवलं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून लोकांना नजर परत मिळत होती. सुश्रुतसंहितेत शस्त्रक्रियेचं वर्णन आहे. सुईने गढूळ भाग नजरेच्या वाटेतून बाजूला सारायचा, ही रीत शतकानुशतकं चालली. अडचण अशी, की ढकललेला मोतीबिंदू पुन्हा वर येई. म्हणून रुग्णाला उताणं पडून राहावं लागे.

इथे अम्मार इब्न अली अल-मौसिली भेटतो. मूळचा आजच्या इराकमधल्या मोसूलचा. फातिमी खलिफा अल-हाकिम (९९६–१०२१) याच्या काळात तो इजिप्तमध्ये होता. डोळ्यांच्या आजारांवरच्या आपल्या ग्रंथात तो पोकळ सुईची हकिकत सांगतो. सुई त्याने तयार केली होती, पण ती कुणावर वापरली नव्हती. पॅलेस्टाईनमधल्या तबरिया इथे एक माणूस आला. म्हणाला, काय हवं ते करा, फक्त मला उताणं झोपता येत नाही. अम्मारने ती सुई काढली आणि मोतीबिंदू ओढून घेतला. माणसाला लगेच दिसलं. डोळ्यावर सात दिवस पट्टी राहिली, पण झोपला तो त्याला हवा तसा.

ही गोष्ट आपल्याकडे मोबाईलवर ‘आधुनिक शस्त्रक्रिया मुसलमानांनी शोधली’ अशी फिरते. इतकं सोपं ते नाही. शोषून घेण्याची कल्पना आधीच्या ग्रीक वैद्यांकडे होती, हे अर-राझीनेच नोंदवलंय. शिवाय पोकळ सुईतून मऊ मोतीबिंदूच निघू शकतो. म्हातारपणी कडक झालेलं भिंग नळीत शिरणार कसं?

त्याचं उत्तर १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी दिलं. ध्वनिलहरींनी भिंग आतच फोडायचं आणि मग ओढून घ्यायचं. त्यांना ही कल्पना सुचली ती दातांच्या डॉक्टरकडच्या उपकरणावरून, अम्मारच्या ग्रंथावरून नव्हे.

तरीही एक पेच उरतो. भिंग एका पातळ पिशवीत बसलेलं असतं. पिशवी तशीच राखायची, कारण कृत्रिम भिंग तिच्यातच बसवायचं असतं. मग आतलं भिंग सुटं कसं करायचं? उत्तर निघालं पाण्यात. पिशवीच्या पुढच्या पडद्यात गोल खिडकी करतात. तिच्या कडेखाली बोथट, बारीक नळी सरकवून क्षारयुक्त पाणी हलकेच सोडतात. पाण्याची लाट भिंगामागून जाते आणि भिंग पिशवीपासून सुटून गोल फिरू लागतं. याला हायड्रोडिसेक्शन म्हणतात. फॉस्ट यांनी १९८४ मध्ये ते मांडलं. १९९२ मध्ये हॉवर्ड फाइन यांनी पाणी थेट पिशवीला लागून सोडायची रीत सांगितली, म्हणजे भिंगाचा बाहेरचा मऊ थरही पिशवीपासून सुटतो. पाणी भिंगाच्या आतच सोडलं, तर कडक गाभा मऊ वेष्टनापासून वेगळा होतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली सोनेरी कडं दिसतं. ते हायड्रोडेलिनिएशन. जोर जास्त झाला तर मात्र मागचा पडदा फाटतो. काही मोतीबिंदूंत तो पडदा जन्मतःच कमकुवत असतो. तिथे डॉक्टर पहिली रीत टाळतात.

ज्या पाण्याला हजारभर वर्षं आजार समजलं, तेच आज हत्यार झालंय.

आपला वारसा मग कोणता? अम्मारची उपपत्ती चुकीची होती आणि त्याची सुई मागे पडली. पण उताणं झोपता न येणाऱ्या माणसाला त्याने परत पाठवलं नाही. त्याच्यासाठी रीत बदलली आणि जे घडलं ते लिहून ठेवलं. ‘सगळं आमच्याच ग्रंथांत होतं’ असं म्हणत बसण्यापेक्षा हे शिकणं अवघड आहे, आणि जास्त उपयोगाचंही.