फाडावे काय, जपावे काय?

दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाला दारात येतो, तागडी लागते आणि वर्तमानपत्रांबरोबर बँकेचे हिशेब, दवाखान्याचे कागद, आधार कार्डाच्या नकला असे सारे तीत जाते. कोणता कागद नष्ट करावा आणि तो कसा, हा विचार आपण क्वचितच करतो. आपले पूर्वज मात्र तो करीत असत.

मराठेशाहीत गुप्त मजकुराचे पत्र लिहिले, तर वाचून फाडून टाकावे अशी ताकीद त्यातच असे. सावकारीतही रीत होती. कर्ज फिटले की धनकोने रोखा फाडून ऋणकोच्या हाती द्यावा; कागद फाटला, देणे मिटले. पण रोखे पिढ्यान्‌पिढ्या फाटलेच नाहीत तर काय होते, हे 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी दिसले. शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे हिसकावून जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले आणि 1879 साली सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. एवढी ताकद त्या कागदांत होती!

आता दुसरी बाजू पाहू. चिमाजी अप्पांनी मे 1739 मध्ये वसई घेतली. वेढ्यातल्या सुरुंगांची, माणसांच्या हालांची हकीकत आज आपण वाचतो, ती कोणी तरी पत्रे जपली म्हणून. पेशवे दफ्तरातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी 1930 नंतर 45 खंडांत छापले. त्यांत वसई मोहिमेची पत्रेही आहेत. आणि गंमत अशी की, फाडण्याची ताकीद असलेले जे पत्र आज आपल्या हाती आहे, ते ती ताकीद मोडली गेली म्हणूनच!

सरकारी दफ्तर टिकले. घरोघरच्या दफ्तरांचे हाल झाले. 1852 च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने जमिनींचे पुरावे तपासले, तेव्हापासून लोक कागद दाखवायलाच भ्याले. पुढे मोडी वाचणारे उरले नाहीत आणि कागद परके झाले. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून रुमाल सोडवीत हिंडले. 1898 साली त्यांच्या साधनांचा पहिला खंड निघाला, तो अशाच कागदांतून. वाळवीच्या, पावसाच्या आणि चुलीच्या तोंडी किती गेले, त्याची गणती नाही.

आज वसई, आगाशी, सोपारा, विरार या भागात जुनी कौलारू घरे पाडून इमारती उभ्या राहत आहेत. घर रिकामे करताना माळ्यावरची पेटी खाली उतरते. त्या वेळी दोन ढीग करावेत. ज्यावर जिवंत माणसाचे नाव, सही, खाते क्रमांक वा आजाराची नोंद आहे आणि ज्याचे काम संपले आहे, तो कागद बारीक फाडावा. पाण्यात भिजवून त्याचा लगदा केला तर उत्तमच. नुसता दोन तुकडे करून टाकलेला कागद कोणालाही जोडता येतो. पण मोडीतले पत्र, जुना जमीनजुमल्याचा कागद, आजोबांची रोजकीर्द दिसली, तर हात आवरावा. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ वा शासनाचे पुराभिलेखागार येथील जाणकारांना तो दाखवावा.

जिवंतांचे गुपित राखणे हे आपले कर्तव्य. गेलेल्यांची साक्ष राखणे हेही आपलेच. रद्दीच्या तागडीला हा फरक कळत नाही. तो घरातल्या माणसानेच केला पाहिजे.