तासावर मिळणारी सायकल

सार्वजनिक सायकलीचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण ॲमस्टरडॅमपासून सुरुवात करतात. 1965 साली तिथल्या ‘प्रोव्हो’ नावाच्या बंडखोर तरुणांच्या गटाने काही सायकली पांढऱ्या रंगवून, कुलूप न लावता रस्त्यावर सोडून दिल्या. ज्याला लागेल त्याने न्यावी, काम झाले की सोडून द्यावी. पोलिसांनी त्या उचलून नेल्या, कारण सायकल कुलपाशिवाय उभी करणे तिथल्या नियमात बसत नव्हते. पुढे 1995 मध्ये कोपनहेगनने नाणे टाकल्यावर सुटणारी सायकल आणली, 2007 मध्ये पॅरिसने बँकेच्या कार्डावर मिळणारी. या वंशावळीत आपला क्रमांक लागतो तो अगदी अलीकडे, 2017 मध्ये, म्हैसूरची ‘ट्रिन ट्रिन’ योजना आणि त्याच वर्षाअखेरीस पुणे.

ही वंशावळ मला अपुरी वाटते. तिच्यात आपल्या प्रत्येक तालुक्याच्या बाजारपेठेत असलेले सायकलचे दुकान नाही. आणि ते नसल्यामुळे एक साधा प्रश्नही सुटून जातो: भाड्याची सायकल इथे इतकी वर्षे नीट चालली, मग तीच सायकल मोबाइलवर आल्यावर दोन वर्षांत का बसली? हा प्रश्न मला द्रोणागिरीच्या रस्त्यांवर पडला. उरण तालुक्यातला सिडकोचा हा नोड आता कुठे भरू लागला आहे, आणि सायकलीचे तिथे काय होणार हे अजून ठरायचे आहे. पण आधी दुकानाकडे.

तासावर सायकल देणाऱ्या दुकानाची घडण सगळीकडे जवळपास सारखी असे. बाहेर ओळीने उभ्या आठ-दहा काळ्या सायकली, चेनकव्हरवर किंवा मडगार्डवर रंगाने घातलेला क्रमांक आणि दुकानाचे नाव. मुलांसाठी अर्धी आणि पाऊण सायकल, बायकांसाठी आडवी नळी नसलेली. आत पाण्याची घमेली, त्यात बुडवून पंक्चर शोधायचा, कानशीने घासायचा, ठिगळ चिकटवायचे. टेबलावर एक लांबट वही: नाव, सायकलचा क्रमांक, नेल्याची वेळ. आणल्याची वेळ टाकली की हिशोब. वाटेत पंक्चर झाला तर खर्च नेणाऱ्याचा, रिम वाकली तर वाद आणि शेवटी तडजोड. आमच्या पिढीतली बहुतेक मुले अशाच सायकलीवर हाफ पायडल मारत शिकली. घरची सायकल वडिलांच्या कामाची असल्यामुळे तिला हात लावायची सोय नव्हती.

अनामत रक्कम सहसा नसे. अनोळखी माणसाला सायकल मिळत नसे, हीच अनामत. ‘अमक्याचा मुलगा’ एवढे पुरे, किंवा ओळखीच्या कुणीतरी शब्द टाकायचा. परगावच्या माणसाला बऱ्याचदा घड्याळ काढून ठेवावे लागे. या व्यवस्थेचे गोडवे गायचे कारण नाही. ज्याला गावात कुणी ओळखत नाही, किंवा ज्याची ओळख सांगितल्यावर दुकानदाराचा चेहरा बदलतो, त्याच्यासाठी ती बंदच असणार. पण तिच्यात एक गोष्ट पक्की होती. भाड्याने देणे आणि दुरुस्त करणे हा एकच धंदा होता, एकाच माणसाचा. सायकल परत आली की तिचा ब्रेक तोच दाबून बघे, कारण तासाभराने तीच दुसऱ्याला द्यायची असे.

नगरपालिकांनाही तेव्हा सायकल ठाऊक होती, कर लावण्याइतकी. पैसे भरून मिळणारा पत्र्याचा बिल्ला सायकलीला अडकवावा लागे; रात्री दिवा नसला किंवा डबलसीट बसवले तर पोलीस चाकातली हवा सोडत. मला या जाचात एक प्रकारची दखल दिसते. ज्या वाहनाचा बिल्ला तपासला जातो ते वाहन रस्त्यावर आहे, हे सरकारला मान्य असते. डेव्हिड अर्नोल्ड या इतिहासकाराने 2013 मध्ये आलेल्या ‘एव्हरीडे टेक्नॉलॉजी’ या पुस्तकात शिवणयंत्र, टंकलेखनयंत्र आणि भातगिरणी यांच्या जोडीला सायकल ठेवली आहे: परदेशातून आलेली पण इथल्या माणसांनी आपली करून टाकलेली यंत्रे. बिल्ला आणि भाड्याची वही हे त्या ‘आपली करण्याचे’ कागदोपत्री पुरावेच म्हणायचे.

बिल्ला गेला, आणि पाठोपाठ दखलही. बजाजची चेतक आणि कायनेटिकची लूना, दोन्ही 1972 च्या, दोन्ही पुण्याच्या कंपन्यांच्या. सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यानेच सायकल सोडायचे साधन देशाला पुरवले. बाजारातली भाड्याची दुकाने एकेक करून नुसती दुरुस्तीची झाली, मग तीही आक्रसली.

सायकल पुन्हा सरकारी कागदावर आली ती 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातून. वाहनांपेक्षा माणसांच्या हालचालीचा विचार करावा, असे ते धोरण म्हणत होते. त्याच वर्षाच्या शेवटी पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी सुरू झाली आणि तिच्या कडेने सायकल मार्ग आखले गेले. त्यांचे पुढे काय झाले ते पुणेकर जाणतात: कुठे वाहने लागली, कुठे टपऱ्या, कुठे मध्येच विजेचा खांब किंवा झाड. 2017 मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, आणि डिसेंबरमध्ये विद्यापीठाच्या आवारात व औंधमध्ये मोबाइलवर कुलूप उघडणारी सायकल आली. आधी झूमकारची ‘पेडल’, मग पिवळी ‘ऑफो’, ‘मोबाइक’, ‘युलू’. वर्षभरात फुटपाथांवर सायकलीच सायकली दिसू लागल्या.

‘ऑफो’ने 2018 मध्येच भारतातून काढता पाय घेतला. त्या डिसेंबरात बीजिंगमध्ये तिच्या कचेरीसमोर अनामत परत मागणाऱ्यांच्या रांगा लागल्या होत्या; आपल्या रस्त्यांवरचे ते पिवळे पीक कुणाच्या पैशावर उभे होते ते तेव्हा कळले. 2019 सरेपर्यंत पुण्यातल्या पायडलच्या सायकलींचा खेळ आटोपला. मोडलेल्या, सीट काढलेल्या, नदीपात्रात पडलेल्या सायकलींची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली आणि लोकांना शिस्त नाही, असा निकाल झटपट लागला. मला हा निकाल पटत नाही. पॅरिसमध्येही पहिल्या काही वर्षांत हजारो सायकली चोरीला गेल्या किंवा मोडल्या. ती योजना टिकली, कारण मोडलेली सायकल उचलून दुरुस्त करायची यंत्रणा आणि तिचा खर्च करारातच होता. आपल्याकडे कुलूप कंपनीचे, जागा महापालिकेची, आणि पंक्चर कुणाचाच नाही. दुकानदाराच्या एका देहात जे तीन जण होते त्यांची फाटाफूट झाली होती.

नवी मुंबईत महापालिकेने 2018 च्या अखेरीस ‘युलू’च्या सायकली आणल्या. तिथे गोष्ट थोडी वेगळ्या वळणाने गेली. कंपनी हळूहळू पायडलकडून विजेवर चालणाऱ्या छोट्या दुचाकीकडे वळली. 2019 च्या नोव्हेंबरात बजाज ऑटोने तिच्यात पैसे घातले आणि पुढे गाडीही बनवून दिली. चेतक बनवणारे घराणे भाड्याच्या दुचाकीपाशी येऊन पोचले, याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या गाड्यांना खरे गिऱ्हाईक मिळाले ते घरोघरी जेवण आणि किराणा पोचवणाऱ्या पोरांचे. पर्यावरणासाठी, व्यायामासाठी म्हणून आणलेली वस्तू कामावर जाणाऱ्याने उचलली. जुन्या दुकानातून दिवसभरासाठी सायकल नेणारा पोस्टातला रोजंदारीचा माणूस किंवा वसुलीचा कारकून ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

आता द्रोणागिरी. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली तेव्हा चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रविणा मेहता यांनी मांडलेली नव्या शहराची कल्पना ही होती की एका जागी दाटी न करता अनेक नोड असावेत, काम घराजवळ असावे, आणि लांबच्या प्रवासाला बस व रेल्वे. म्हणजे सायकलीला याहून सोयीचा आराखडा नाही. प्रत्यक्षात उरणच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर आधी बंदर आले. जानेवारी 1984 मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व निघाले. 1989 पासून न्हावा-शेव्याचे बंदर चालू झाले आणि आज ते वर्षाला 70 लाखांहून अधिक टीईयू कंटेनर हाताळते. नोडमध्ये सेक्टरांचे रस्ते होते, माणसे येत नव्हती. रस्त्यांच्या कडेला ट्रेलर मुक्कामाला थांबायचे.

12 जानेवारी 2024 रोजी, एकाच दिवशी, उरणपर्यंत लोकल सुरू झाली आणि शिवडीहून चिर्ल्याला येणारा 21.8 किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. सेतूवर मोटारसायकल, रिक्षा, ट्रॅक्टर, बैलगाडी यांना मनाई आहे; सायकलचा तर प्रश्नच नाही. समुद्रावरच्या द्रुतगती मार्गाला असा नियम असणे समजू शकते. खरा प्रश्न सेतू उतरल्यावरचा आहे. द्रोणागिरी स्थानकापासून नवघर, पागोटे, बोकडवीरा, फुंडे ही गावे आणि भोवतालची कंटेनर यार्डे सायकलीच्या टप्प्यात आहेत, जमीन सपाट आहे, आणि मधे ट्रेलरचे रस्ते आहेत. यार्डात लेबलिंगला, सफाईला, पहाऱ्याला येणारी माणसे आजही या रस्त्यांच्या कडेने सायकली मारत जातात, उजवा कान मागून येणाऱ्या भोंग्याकडे ठेवून. 2011 च्या जनगणनेने कामावर कसे जाता हे देशभर प्रथमच विचारले, तेव्हा शेतीबाहेरच्या दर शंभर कामगारांत तेरा जण सायकलवाले निघाले होते.

मुंबईचा अनुभव जवळच आहे. पवई तलावाच्या काठाचा सायकल मार्ग उच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये बेकायदा ठरवला आणि जागा पूर्ववत करायला सांगितले. तो फिरायला येणाऱ्यांसाठी होता. द्रोणागिरीत उद्या सायकल मार्ग झालाच तर तो पाणजे पाणथळीकडे पक्षी बघायला जाईल की यार्डाच्या फाटकाकडे, हे आखणी करणाऱ्याच्या पहिल्या रेघेवर ठरेल. भाड्याची सायकल ठेवायची झाली तर स्थानकाबाहेर एक गाळा, त्यात एक माणूस, हवेचा पंप आणि वही. वहीऐवजी मोबाइल चालेल.

तूर्त तिथे सायकलचे दुकान म्हणावे असे माझ्या पाहण्यात एकही नाही. पंक्चर झाला की माणसे ट्रेलरचे टायर काढणाऱ्याकडे जातात. तो माणसाच्या कमरेपर्यंत येणारा टायर बाजूला ठेवतो आणि त्याच घमेल्यात सायकलची ट्यूब बुडवतो.