पाच काट्यांची पिन

आज जरा वेगळ्या विषयावर लिहितोय. पिनांवर. सेफ्टी पिन नव्हे, टेपरेकॉर्डरच्या मागच्या पिनांवर!

आपल्या हैदराबादच्या जुन्या मराठी घरांत, मग ते काचीगुड्यात असो नाहीतर सुलतान बझारात, माळ्यावर एखादं तरी बंद पडलेलं यंत्र असतंच. माझं असं ठाम मत झालंय की त्या यंत्राच्या मागचं भोक पाहिलं की घरातलं कोण, कधी, कुठं गेलं होतं ते सांगता येतं. अर्धचंद्रासारखी मांडलेली पाच भोकं असली, तर ते युरोपातून आलेलं असणार, ग्रुन्डिग किंवा फिलिप्स. दोन-दोन गोल आरसीए सॉकेटं असली तर बहुतेक जपानी. आणि कॅसेटचं टू-इन-वन, बाजूला 'इअर' आणि 'माइक' अशी छोटी भोकं, म्हणजे ७०च्या दशकात घरातलं किंवा शेजारचं कुणीतरी गल्फला गेलं होतं. त्या काळी परदेशी वस्तू सरळ दुकानात जाऊन घेण्याची सोय नव्हती. आयातीवर परवान्यांची आणि जकातीची कडक बंधनं होती. यंत्र यायचं ते कुणाच्या तरी सामानातून. बरं, यंत्र यायचं, पण त्याच्या जोडण्या यायच्या नाहीत. चाळीस किलोच्या सामानात दहा रुपयांची वायर कोण आठवणीनं भरतो!

आमच्या घरी पाच भोकांचं आहे. काका १९६८ला जर्मनीत प्रशिक्षणाला गेला होता, त्यानं येताना ग्रुन्डिगचा स्टिरिओ स्पूल-रेकॉर्डर आणला. आजोबांना ते पटलं नव्हतं, "एवढ्या पैशात शिलाई मशीन आलं असतं" म्हणाले. पण मग तेच दर एकादशीला भजनाआधी दोन्ही माइक मांडून बसायचे. डावा आजीसमोर, उजवा पेटीसमोर. ही मांडणी लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

आजी नांदेडकडची. १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबाद शहर आंध्र प्रदेशात. नोकरीपायी आम्ही इथंच राहिलो आणि आजीचं माहेर एका रात्रीत परराज्यात गेलं. तिची बोली मात्र तीच राहिली. 'येऊलालोय', 'करूलालीस' आणि त्यात मधूनच दखनीचं 'हौ'. आमच्या पिढीत तसं कुणी बोलत नाही. शाळेत पुस्तकी मराठी शिकलो, गल्लीत दखनी बोललो, आणि आजीची भाषा मधल्यामध्ये संपली. ती आहे फक्त या नऊ स्पुलांवर. म्हणून हा पिनांचा खटाटोप.

यंत्र चालू करणं त्यामानानं सोपं गेलं. पट्टे बदलले, एका जुन्या मिस्तरींनी कपॅसिटर बदलले. (इतक्या वर्षांनी यंत्र थेट विजेला लावू नका, आधी दाखवून घ्या.) अडलं ते आवाज बाहेर काढण्यापाशी.

त्या पाच काट्यांच्या पिनेला 'डिन' म्हणतात, जर्मनीच्या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून. कल्पना खरोखर चांगली होती. एकाच वायरनं रेडिओवरून रेकॉर्डही करायचं आणि वाजवूनही ऐकायचं. १ आणि ४ नंबरच्या काट्यांतून आवाज आत जातो, ३ आणि ५ मधून बाहेर येतो, २ म्हणजे अर्थ. अमेरिकन-जपानी पद्धतीत याच कामाला चार वेगळ्या पिना लागतात. तरी जगात टिकल्या त्या चार पिनाच. सुटसुटीत वस्तू मागं पडते आणि घोळाची टिकते, हे काही फक्त पिनांच्याच बाबतीत घडत नाही म्हणा.

तर मी कोटीला गुजराती गल्लीत गेलो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली, तशी आमची गुजराती गल्ली. तिथं नुसतं 'कन्व्हर्टर द्या' म्हणून भागत नाही, गल्लीची भाषा यावी लागते. साडेतीन मिलिमीटरची ती 'ईपी पिन', टेलिफोन एक्स्चेंजपासून चालत आलेली जाडी ती 'पी-३८'. 'डिन' म्हटलं की तरुण पोरं तोंडाकडं बघतात. पाच दुकानं झाली. सहाव्यात एकानं उत्साहानं काढून दिली, "हौ साब, है ना, पाँच पिन का!" दुसरं टोक कापून त्याला दोन आरसीए पिना लावूनही दिल्या.

घरी लावली. बसली फिट्ट. पेटी वाजली. काय सुरेख वाजली! आणि आजीचा आवाजच नाही.

दोन दिवस आम्हाला वाटत होतं की टेपचीच डावी बाजू गेली. बहीण तर रडवेली झाली. मग तिच्या मुलानं मल्टिमीटर लावून पाहिला, तर पाचापैकी तीनच काटे जिवंत. ती वायर मिडीची होती. १९८३च्या सुमारास सिंथेसायझर एकमेकांना जोडायला मिडी पद्धत आली, तिनं हीच पाच काट्यांची पिन उचलली, पण काम चालतं ४, ५ आणि २ वर. १ आणि ३ रिकामे. म्हणजे ५ मधून पेटी बाहेर येत होती आणि आजी ज्या ३ नंबरवर होती, तिथं वायरच नव्हती. दिसायला हुबेहूब, आतून पोकळ. ज्यांच्या घरी अशी यंत्रं आहेत त्यांनी एवढं मात्र पक्कं ध्यानात ठेवा: पाच काटे मोजू नका, पाच तारा मोजा.

शेवटी बँक स्ट्रीटच्या बाजूला एका म्हाताऱ्या मियाँसाहेबांनी सुटी डिन पिन शोधून काढली, मळकट डब्याच्या तळातून. "ये पिन का जमाना गया साब. बनाके देतूं, कल आओ." हैदराबादी 'कल'ला आठवडा लागला, पण काम चोख. पिनेवर आकडे बारीक कोरलेले असतात आणि तेही सरळ क्रमानं नाहीत, १, ४, २, ५, ३ असे. त्यांनी चष्मा वर करून, पिन डोळ्याला लावून, एकेक काटा वाचून सोल्डरिंग केलं.

पुढचा अडथळा लॅपटॉपचा. हल्ली एकच भोक असतं, हेडफोन आणि माइकसाठी मिळून. त्यात साधी स्टिरिओ पिन घातली तर माइकचा संपर्क अर्थला टेकतो आणि काहीही रेकॉर्ड होत नाही. मोबाइलच्या हेडफोन-जोडणीचीही तीच रड, तिच्यातला माइक मोनो, आणि तोही नाजूक आवाजासाठी केलेला. लाइन-इन असलेला छोटा यूएसबी डबा घ्या, लाल-पांढरी आरसीए सॉकेटं असलेला. तो ऑनलाइन मिळतो.

पहिलं स्पूल निघालं. पाच इंची, ९०० फूट, साडेनऊ सेंटिमीटरच्या वेगाला एका बाजूला ४८ मिनिटं. भजन आहेच, पण मला धरून ठेवलं ते दोन भजनांच्या मधल्या आवाजांनी. आजी कुणाला तरी विचारते, चहा कोण कोण घेऊलालंय. पेटीवाले दखनीत काहीतरी कोटी करतात आणि ती हसते. तिचं हसणं मी विसरलो होतो.

दोन स्पुलं झाली, सात बाकी आहेत. एकावर काकाच्या अक्षरात नुसतं 'नांदेड' लिहिलंय. मियाँसाहेबांनी केलेली वायर माझ्याकडंच आहे. शहरातल्या कुणाला हवी असेल तर येऊन घेऊन जा, चार दिवस ठेवा. परत मात्र आणून द्या, त्यांच्या डब्यात तशी दुसरी पिन नव्हती.