थेंबांनी मोजलेला समुद्र

प्रवाळांच्या घरगुती टाकीतले कॅल्शियम मोजणाऱ्या संचाचे मूळ झुरिचमध्ये आहे. तिथे गेरोल्ड श्वार्झेनबाख यांनी १९४०च्या दशकात कॅल्शियमला बांधून ठेवणाऱ्या ईडीटीए या रसायनाने थेंबाथेंबाने मोजण्याची पद्धत, म्हणजे अनुमापन, रूढ केली. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि त्याच्या तिप्पट मॅग्नेशियम असते. तीव्र आम्लारी मिसळून मॅग्नेशियम बाजूला सारले की उरते ते कॅल्शियम मोजता येते. रसायनशास्त्र भक्कमच आहे. चूक शिरली ती ब्युरेट या काटेकोर मापननळीची जागा ड्रॉपरने घेतली तेव्हा. एक थेंब म्हणजे लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम असेल, तर एका थेंबाची गफलत सुमारे ५ टक्क्यांची होते. मग संच निरुपयोगी, असा आक्षेप टिकत नाही: ज्ञात प्रमाणाच्या द्रावणावर तो तपासला की त्याची चूक कळते, आणि प्रवाळांना नेमक्या आकड्यापेक्षा स्थैर्य अधिक हवे असते.