जम्हुरी दिन : जमिनीसाठी लढलेल्या केनियाचा १२ डिसेंबर

केनिया हा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा देश. मुंबईहून समुद्रमार्गे नैऋत्येला गेलं की त्याचं मोंबासा बंदर लागतं. या देशात दरवर्षी १२ डिसेंबरला 'जम्हुरी डे' साजरा होतो. जम्हुरी हा स्वाहिली भाषेतला, अरबीतून आलेला शब्द. अर्थ प्रजासत्ताक. हिंदी-उर्दूतला 'जम्हूरियत' हा शब्दही त्याच मुळाचा.

१२ डिसेंबर १९६३ ला केनिया स्वतंत्र झाला आणि बरोबर एका वर्षानं, १२ डिसेंबर १९६४ ला, प्रजासत्ताक झाला. म्हणजे आपली १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी एकाच तारखेला आल्यासारखं. पण हा दिवस समजून घ्यायचा तर झेंड्याच्या आधी जमिनीची गोष्ट समजून घ्यावी लागते.

जमीन कशी गेली?

१८९५ मध्ये इंग्रजांनी या भागावर ताबा सांगितला. १८९६ ला मोंबासाहून रेल्वेचं काम सुरू झालं आणि १९०१ मध्ये रूळ व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत पोहोचले. त्यासाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, सुमारे ३२ हजार मजूर नेले होते. त्यातले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले.

रेल्वे झाली, आता तिला माल पाहिजे. म्हणून इंग्रज सरकारनं गोऱ्या शेतकऱ्यांना बोलावून जमिनी द्यायला सुरुवात केली. मध्य केनियातला थंड हवेचा, चांगल्या पावसाचा पट्टा 'व्हाइट हायलँड्स' म्हणून गोऱ्यांसाठी राखला. १९१५ च्या कायद्यानं तर त्यांना तब्बल ९९९ वर्षांच्या कराराने जमिनी मिळू लागल्या. पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्या किकुयू आणि गुरं चारणाऱ्या मसाई लोकांकडे कागद नव्हता. कागद नाही तर जमीन नाही, असा सरळ हिशेब झाला.

वर झोपडीमागे कर बसवला. तो रोख भरायचा. रोख पैसा कुठून आणणार? मग गोऱ्याच्या मळ्यावर मजुरीला जायचं. अनेक कुटुंबं मळ्यातच झोपडी घालून राहिली. मालकाचा छोटा तुकडा कसायचा आणि बदल्यात वर्षातले ठरलेले दिवस त्याच्याकडे राबायचं. मोठ्या आफ्रिकी पुरुषांना 'किपांडे' नावाचा ओळखीचा कागद डबीत घालून गळ्यात अडकवावा लागे. कॉफीसारखं नगदी पीक घ्यायला आफ्रिकी शेतकऱ्याला बरीच वर्षं मनाई होती. जमीन त्याची, घाम त्याचा, पण कॉफीचा पैसा दुसऱ्याचा.

माऊ माऊ उठाव

विरोध सुरुवातीपासून होता. १९२२ मध्ये हॅरी थुकू या कार्यकर्त्याच्या अटकेविरुद्ध नैरोबीत लोक जमले, तेव्हा गोळीबार होऊन अनेक जण मेले. पुढे 'केनिया आफ्रिकन युनियन' ही संघटना उभी राहिली आणि १९४७ मध्ये जोमो केन्याटा तिचे अध्यक्ष झाले. अर्ज-विनंत्यांनी जमीन परत मिळेना, तेव्हा तरुणांनी गुप्त शपथा घेतल्या आणि जंगलात जाऊन हत्यार उचललं. इंग्रजांनी त्यांना 'माऊ माऊ' म्हटलं. त्यांचं स्वतःचं नाव होतं 'लँड अँड फ्रीडम आर्मी', म्हणजे जमीन आणि स्वातंत्र्य सेना. जमीन आधी, स्वातंत्र्य नंतर.

२० ऑक्टोबर १९५२ ला आणीबाणी लागली. केन्याटांना पकडून १९५३ मध्ये सात वर्षांची सक्तमजुरी दिली. सुमारे १० लाख लोकांना वस्त्या सोडायला लावून काटेरी कुंपणाच्या गावांत कोंडलं. हजारोंना छावण्यांत डांबलं, हजारापेक्षा जास्त लोकांना फाशी दिली. जंगलातला सेनानी देदान किमाथी १८ फेब्रुवारी १९५७ ला फासावर गेला. १९५९ मध्ये होला छावणीत ११ कैद्यांना मारहाण करून ठार केलं, तेव्हा खुद्द ब्रिटनच्या संसदेत गदारोळ झाला.

ही लढाई नुसती काळ्या-गोऱ्यांची नव्हती. उठावात मेलेले गोरे नागरिक ३२; बंडखोरांच्या हातून मेलेले आफ्रिकी नागरिक मात्र १,८०० च्या वर. काही किकुयू इंग्रजांच्या गृहरक्षक दलात होते, काही जंगलात. भाऊ भावाविरुद्ध उभा राहिला आणि ती कटुता पुढे पिढ्यांमध्ये उतरली.

औंध आणि गोव्याचा धागा

या इतिहासात एक नाव साताऱ्याचं आहे. औंध संस्थानच्या राजांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत १९४८ मध्ये पूर्व आफ्रिकेत भारताचे पहिले आयुक्त म्हणून नैरोबीला गेले. आपल्या संस्थानात गावांच्या हाती कारभार देण्याचा प्रयोग त्यांनी पाहिलेला होता. नैरोबीत त्यांनी आफ्रिकी पुढाऱ्यांशी उघड मैत्री ठेवली आणि आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिष्यवृत्त्या मिळाव्यात म्हणून काम केलं. इंग्रजांना ते खुपलं. तक्रारी वाढल्या आणि १९५४ मध्ये पंत तिथून हलले.

दुसरं नाव पिओ गामा पिंटो. मूळचं गोव्याचं कुटुंब, जन्म नैरोबीचा. पत्रकार आणि कार्यकर्ते असलेल्या पिंटोंना इंग्रजांनी १९५४ मध्ये पकडून अनेक वर्षं स्थानबद्ध ठेवलं. स्वातंत्र्यानंतर ते खासदार झाले. गरिबांच्या बाजूनं बोलत राहिले आणि २४ फेब्रुवारी १९६५ ला नैरोबीत त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. पुढे २०१७ मध्ये केनिया सरकारनं तिथल्या भारतीय वंशाच्या समाजाला देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली.

दिवस कसा साजरा होतो?

११ डिसेंबर १९६३ च्या मध्यरात्री नैरोबीतल्या मैदानावर ब्रिटनचा झेंडा उतरला आणि काळा-लाल-हिरवा झेंडा चढला. त्याच वेळी किसोई मुन्याओ या गिर्यारोहकानं माउंट केनियावरही तो फडकवला. झेंड्यात काळा रंग माणसांचा, लाल सांडलेल्या रक्ताचा, हिरवा जमिनीचा, पांढरा शांततेचा. मधोमध मसाई ढाल आणि दोन भाले. ज्या मैदानावर झेंडा चढला, ते आता 'उहुरू गार्डन्स' म्हणून ओळखलं जातं. उहुरू म्हणजे स्वातंत्र्य.

आजही मुख्य कार्यक्रम बहुतेक वेळा नैरोबीतच होतो. स्टेडियम सकाळीच भरतं. राष्ट्राध्यक्ष सलामी घेतात, सैन्याची परेड होते, विमानं डोक्यावरून जातात, जमातींची गाणी-नाच होतात, मग भाषण. देशात ४७ काउंटी आहेत, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यांसारखे भाग. तिथेही कार्यक्रम होतात. डिसेंबरात ख्रिसमसही जवळ असतो, त्यामुळे शहरातली बरीच माणसं या महिन्यात गावाकडे येतात. घरोघरी मक्याच्या पिठाची घट्ट 'उगाली', 'सुकुमा विकी' ही पालेभाजी, भाजलेलं मांस आणि सणासुदीची खास चपाती. हो, चपातीच. आपल्या लोकांबरोबर गेलेला हा शब्द तिथे जसाच्या तसा टिकला.

लढला त्याला जमीन मिळाली का?

हा प्रश्न दर १२ डिसेंबरला मागे उरतो. जमीन फुकट परत आली नाही. गोऱ्यांकडून ती बाजारभावानं विकत घेण्याचं ठरलं, त्यासाठी ब्रिटन आणि जागतिक बँकेकडून कर्ज काढलं. सुमारे १० लाख एकरांवर ३५ हजारांच्या आसपास कुटुंबं बसवली गेली, पण कर्जाचे हप्ते त्याच शेतकऱ्यांच्या माथी आले. ज्यांच्याकडे पैसा किंवा सत्तेतली ओळख होती त्यांनी मोठाले मळे घेतले. जंगलातून परतलेले अनेक लढवय्ये भूमिहीनच राहिले. माऊ माऊवरची बंदीसुद्धा थेट २००३ मध्ये उठली. २०१३ मध्ये ब्रिटन सरकारनं छळाबद्दल खेद व्यक्त करून ५,२२८ वृद्धांसाठी १ कोटी ९९ लाख पौंडांची तडजोड मान्य केली. तोवर बरेच जण हयात नव्हते.

लक्षात ठेवा : केनियाचे तीन राष्ट्रीय दिवस

- १ जून, मदारका डे : १९६३ मध्ये अंतर्गत कारभार हाती आला.
- २० ऑक्टोबर, मशुजा डे : लढ्यातल्या वीरांचा दिवस. १९५२ मध्ये याच तारखेला आणीबाणी लागली होती.
- १२ डिसेंबर, जम्हुरी डे : १९६३ चं स्वातंत्र्य आणि १९६४ चं प्रजासत्ताक.